स्वस्त श्यानतामापकाची पारख

मध सावकाश ओघळतो, तर पाणी चटकन वाहून जाते. वाहणाऱ्या द्रवाच्या थरांमध्ये जे अंतर्गत घर्षण असते, त्यामुळे हा फरक पडतो. या गुणधर्माला श्यानता म्हणतात. ती मिलिपास्कल-सेकंद या एककात मोजतात.

बेंगळुरू शहराच्या आग्नेयेस, होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. तेथे औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. या व्यवसायात श्यानतेला फार महत्त्व असते. बाटलीतील औषध प्रमाणाबाहेर पातळ झाले, तर त्यातील न विरघळलेले कण लवकर तळाशी बसतात आणि प्रत्येक चमच्यातील मात्रा सारखी राहत नाही. म्हणून श्यानतामापक स्वस्त असला, तरी त्याची पारख करूनच तो वापरावा लागतो.

या पारखीसाठी ज्याची श्यानता आधीच ठाऊक आहे, असा प्रमाणित द्रव घेतात. समजा, त्याची श्यानता १०० आहे. एका उपकरणाने ९४, १०५ व १०१ अशी मापे दिली. दुसऱ्याने ११०, ११० व १११ अशी दिली. पहिल्याची सरासरी बरोबर आहे, पण त्याच्या एकेका मापावर विसंबता येत नाही. दुसऱ्याच्या मापांत सातत्य आहे, पण अचूकता नाही. मात्र त्याची चूक ठरावीक असल्याने ती हिशेबात धरून दुरुस्त करता येते.

द्रवात दांडी फिरवून श्यानता मोजणाऱ्या उपकरणाची चूक पुष्कळदा पूर्ण मोजपट्टीच्या टक्क्यांत सांगितलेली असते. मोजपट्टी १०० पर्यंत व चूक १ टक्का असेल, तर ९० या मापात १ चा फरक क्षुल्लक ठरतो. १० या मापात मात्र तोच फरक १० टक्के होतो.

तापमानाकडे दुर्लक्ष केल्यास महाग उपकरणही फसवते. पाण्याची श्यानता २० अंश सेल्सिअसला सुमारे १.०० असते, तर ३० अंशांना सुमारे ०.८० असते. म्हणून चाचणीच्या वेळी द्रवाचे तापमान स्थिर राखावे व त्याची नोंद करावी.

१९०९ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड यांच्या नावाचा श्यानतामापक म्हणजे काचेची एक साधी नळी असते. तापमान स्थिर ठेवून, नळीतून द्रव वाहण्यास लागणारा वेळ काळजीपूर्वक मोजला, तर तीही विश्वसनीय माप देते. उपकरणाची खरी किंमत अशा तपासणीनंतरच कळते.