प्रथिनांच्या आधीचा कारागीर

करोनाच्या काळात आरएनए घराघरांत पोहोचला, आधी चाचणीच्या निमित्ताने आणि मग लशीच्या बातम्यांतून. त्याची ओळख झाली ती डीएनएकडचा निरोप पोहोचवून नाहीसा होणारा रेणू म्हणून. शाळेच्या पुस्तकातली ओळखही बहुधा एवढीच. सजीव कसे निर्माण झाले याविषयीचे बरेच गैरसमज या अर्धवट ओळखीतून निघतात.

गैरसमज: पेशीतली रासायनिक कामे प्रथिनेच करतात, आरएनए नुसता निरोप्या.

१९२६ मध्ये जेम्स सम्नर यांनी युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन असल्याचे दाखवले. पुढची पन्नासहून अधिक वर्षे विकर म्हणजे प्रथिनच, असे धरून चालले होते. त्याला तडा दिला टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जिवाने. या जिवाच्या एका आरएनएमधला ४१३ अक्षरांचा (म्हणजे साखळीतल्या घटकांचा) तुकडा कापून निघतो आणि उरलेली टोके जोडली जातात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या थॉमस चेक यांच्या गटाला हे कापकाम करणारे प्रथिन हवे होते. तुलनेसाठी ठेवलेल्या नळीत त्यांनी पेशीचा अर्क घातलाच नव्हता, तरी तिथेही तुकडा सुटला. आरएनएला एखादे प्रथिन चिकटून राहिले असेल, असा संशय येणे साहजिक होते. म्हणून नमुना उकळला, प्रथिने पचवणारी विकरे घातली. तुकडा सुटतच राहिला. शेवटी त्यांनी टेट्राहायमेनाच्या पेशीचा कधीही संबंध न आलेला आरएनए नळीतच बनवला. मॅग्नेशियम आणि ग्वानोसिन मिळताच त्यानेही स्वतःची काटछाट आणि जोडणी केली. १९८२ साली हे प्रसिद्ध झाले. अशा कर्त्या आरएनएला रायबोझाइम म्हणतात.

काटेकोर रसायनज्ञ इथे हरकत घेईल, आणि ती रास्त आहे: विकर कामानंतर जसेच्या तसे उरले पाहिजे, हा तर स्वतःलाच कापतो. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठातल्या सिडनी ऑल्टमन यांच्या कामाने ती हरकतही मिटली. जिवाणूतल्या आरएनएझ पी या विकरात आरएनए आणि प्रथिन दोन्ही असतात. त्यातला आरएनए एकटाच, पुरेशा मॅग्नेशियममध्ये, दुसऱ्या रेणूंना एकामागून एक कापत गेला आणि स्वतः शाबूत राहिला. चेक आणि ऑल्टमन यांना १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

माझ्या मते याहून बोलका पुरावा २००० साली आला. प्रथिने जिथे बनतात त्या रायबोसोमच्या मोठ्या भागाची रचना टॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटाने अणूंच्या पातळीवर उलगडली. नमुना होता मृत समुद्रातल्या एका सूक्ष्मजीवाचा. अमिनो आम्ले जिथे एकमेकांना जोडली जातात त्या जागेपासून जवळात जवळचे प्रथिन सुमारे १८ अँगस्ट्रॉम दूर निघाले. मधे सगळा आरएनए. म्हणजे प्रथिनांची साखळी ओवण्याचे काम आजही आरएनएच करतो, आपल्या शरीरातसुद्धा. प्रथिनांच्या आधी आरएनए कामाला लागला होता, या तर्काला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

गैरसमज: काम करणारा रेणू आपोआप जुळून येणे केवळ अशक्य.

ठरावीक एकच क्रम योगायोगाने जुळावा, असे धरले तर आकडे खरोखर अशक्य दिसतात. पण काम करू शकणारे क्रम अनेक असतात. डेव्हिड बार्टेल आणि जॅक शोस्टाक यांनी १९९३ मध्ये अक्षरांचा क्रम मुद्दाम वाटेल तसा ठेवलेले आरएनए रेणू घेतले, संख्या एकावर पंधरा शून्ये. त्यांतून आरएनएचे तुकडे जोडणारे रेणू वेचले, त्यांच्या थोड्या चुकत्या नकला काढल्या, पुन्हा वेचले. दहा फेऱ्यांनंतर हाती आलेले रायबोझाइम हीच क्रिया विकराशिवाय होते त्याच्या सुमारे सत्तर लाख पट वेगाने करत होते. योगायोग लागला तो पहिल्या फेरीपुरता, पुढचे काम निवडीचे.

गैरसमज: प्रयोगशाळेत जीव तयार झाला, प्रश्न सुटला.

१९५३ चा स्टॅन्ली मिलर यांचा प्रयोग हटकून सांगितला जातो. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांतून विजेच्या ठिणग्या सोडल्यावर अमिनो आम्ले मिळाली. ती मिळाली हे मोठेच, पण अमिनो आम्ल म्हणजे जीव नव्हे. इथे दोन दाव्यांची सरमिसळ होते. आरएनएने फार पूर्वी मोठी कामगिरी केली, हा दावा बळकट आहे. निर्जीव पृथ्वीवर तो आरएनए कसा बनला, याचे उत्तर मात्र अजून तुकड्यातुकड्यांत आहे. आरएनएतली रायबोज साखर लवकर बिघडते आणि तिच्याशी क्षारके जोडणे फार अवघड. जॉन सदरलँड यांच्या गटाने २००९ मध्ये सुटी रायबोज टाळून, वेगळ्याच वाटेने आरएनएची दोन अक्षरे बनवून दाखवली. पुढची पायरी आरएनएने आरएनएची नक्कल काढण्याची: अशा रायबोझाइमने २००१ मध्ये १४ अक्षरे जोडली होती. २०१३ मध्ये बर्फात काम करणाऱ्या एकाने २०६ अक्षरांपर्यंत मजल मारली, तीही सोयीच्या साच्यावर.

गैरसमज: आधी एकटा आरएनए होता, पेशी फार नंतर आली.

हे चित्र आता बरेच जण सोडून देत आहेत. रेणू पाण्यात विखुरले तर चांगल्या नकलेचा फायदा कोणालाच मिळत नाही, त्यांना कुंपण हवे. मेदाम्लांच्या पिशव्या पाण्यात आपणहून बनतात, आणि मॉन्टमोरिलोनाइट माती त्यांच्या बनण्याला वेग देते. हीच माती आरएनएची अक्षरे एकमेकांना जोडायलाही मदत करते. पुण्याच्या आयसर संस्थेत सुधा राजमणी यांचा गट अशाच आदिम पटलांवर काम करतो. लडाखच्या उष्ण झऱ्यांच्या पाण्यात ती टिकतात का, हेही त्यांनी तपासले आहे. अडचण अशी की आरएनएला कामासाठी लागणारे मॅग्नेशियमच मेदाम्लांच्या पिशव्या फोडते. सायट्रेट घातले तर दोन्ही एकत्र नांदतात, हे २०१३ मध्ये शोस्टाक यांच्या प्रयोगशाळेत दिसले. आदिम पृथ्वीवर एवढे सायट्रेट कुठून आले असेल, यावर वाद चालू आहे.