सुखतळा व वृद्धांचा तोल

सुखतळा : पादत्राणाच्या आत तळपायाखाली बसविलेला चामड्याचा, रबराचा वा कॉर्कचा थर. वृद्धांचा तोल सुधारण्यासाठीही त्याचा उपयोग करतात. उभ्या शरीराचा तोल दृष्टी, अंतर्कर्ण आणि स्नायू, सांधे व तळपायाची त्वचा यांकडून येणाऱ्या संवेदनांवर अवलंबून असतो. वार्धक्यात व मधुमेहात तळपायाची संवेदना मंदावते आणि शरीराचे डोलणे वाढते. ही उणीव भरून काढण्यासाठी सुखतळ्याचा पृष्ठभाग खडबडीत करतात किंवा त्याच्या कडेला उंचवटा देतात. बॉस्टन येथील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जाणवणार नाही इतका सूक्ष्म कंप देणाऱ्या सुखतळ्यांमुळे वृद्धांचे डोलणे कमी झाले.

जाड व मऊ सुखतळा सुखावह वाटला, तरी जमिनीची जाणीव बोथट करतो; तोलासाठी पातळ व घट्ट तळ बरा. मात्र मधुमेहाने वा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायास खडबडीत तळाने नकळत जखम होऊ शकते; अशा पायास सूक्ष्मकोशी रबराचा मऊ तळच योग्य असतो. म्हणून आधी संवेदनेची तपासणी आवश्यक ठरते.

नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांत अनेक वृद्ध मागे पट्टा नसलेली चप्पल वापरतात. तीत सुटा सुखतळा सरकून तोच पडण्यास कारण होतो. मागे पट्टा असलेल्या पादत्राणात तो चिकटवून वा शिवून घ्यावा लागतो. घरात ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी चालताना त्याचा उपयोग नसतो. डोलणे कमी झाले म्हणजे पडणे टळलेच, असे नव्हे. पायांचा व्यायाम, दृष्टीची तपासणी व पुरेसा उजेड यांची जागा सुखतळा घेऊ शकत नाही.