पाचशे व्होल्टांचा मान
(लेखमाला : जुने सेट, भाग ६)

हैदराबादमध्ये अलीकडे हॅम (हौशी रेडिओ ऑपरेटर) झालेल्या अनेकांचे हात बारा व्होल्टांना सरावलेले आहेत. याच शहरातल्या अशहर फरहान यांनी रचलेला बिटएक्स ट्रान्सीव्हर घरच्या घरी जोडता येतो आणि बारा व्होल्टांवर चालतो. सर्किटमध्ये बोट लागलं तरी झटका बसत नाही. हीच सवय व्हॉल्व्हच्या सेटसमोर घातक ठरते. म्हणून पॉवर सप्लायला आजचा अख्खा भाग.

बरकतपुऱ्यात माझ्या टेबलावर सध्या ८०७ व्हॉल्व्हचा, कुणीतरी हाताने बांधलेला ट्रान्समीटर आहे. ट्रान्सफॉर्मर ३५०-०-३५० व्होल्टांचा, रेक्टिफायर ५यू४, फिल्टर कंडेन्सर ३२ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टांचे. वर्षानुवर्षं बंद असलेला असा सेट थेट प्लगला लावायचा नाही. न वापरलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला ऑक्साइडचा थर पातळ होतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की कंडेन्सर तापतो, फुटतो, आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो.

आधी ५यू४ काढून ठेवा आणि सेट सिरीज बोर्डवर, ६० वॉटच्या जुन्या तारेच्या बल्बमधून लावा. एलईडी इथे चालणार नाही. बल्ब जेमतेम लालसर झाला तर ट्रान्सफॉर्मर बहुधा ठीक. भगभगला तर कुठेतरी शॉर्ट आहे. कंडेन्सर मात्र सोडवून वेगळे तपासावेत. ४७ किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज वाढवत न्यायचं आणि रेझिस्टरच्या दोन टोकांवर मीटर धरायचा. तिथे ४७ व्होल्ट दिसले, तर गळती एक मिलिअँपियर. काही तासांनी आकडा त्याखाली उतरला नाही तर त्या कंडेन्सरचा मोह सोडा. नवा घ्यायला बरकतपुऱ्याहून कोठीची गुजराती गल्ली जवळ आहे.

आता ज्या दुरुस्तीबद्दल मला खरी काळजी वाटते, तिच्याकडे येतो. ५यू४ गेला की त्याच्या जागी १एन४००७ डायोड बसवून मोकळं व्हायचा सल्ला सर्रास मिळतो. ५यू४ पूर्ण लोडवर चाळीसेक व्होल्ट स्वतःत खातो, डायोड जेमतेम एक. शिवाय ५यू४ तापायला थोडा तरी वेळ घेतो. डायोड स्विच दाबताक्षणी वीज सोडतो, तेव्हा पुढचे व्हॉल्व्ह थंड असतात आणि लोड शून्य. मग ३५० गुणिले १.४१४, म्हणजे ४९५ व्होल्ट थेट ४५० व्होल्टांच्या कंडेन्सरवर येतात. उलट्या दिशेने डायोडला याच्या दुप्पट, ९९० व्होल्ट सोसावे लागतात आणि त्याची मर्यादा हजाराची. डायोड लावायचेच असतील तर प्रत्येक बाजूला दोन सिरीजमध्ये, सोबत व्होल्टेज उतरवणारा रेझिस्टर. माझं मत विचाराल तर ५यू४ शोधा. ज्याने हा सेट बांधला त्याने सगळी गणितं त्या व्हॉल्व्हवर बेतली होती.

झाकण उघडण्याआधी प्लग काढणं पुरेसं नाही. कंडेन्सर रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर तुटलेला असेल तर कंडेन्सर भरलेलाच राहतो. ५०० व्होल्टांना ३२ मायक्रोफॅरडमध्ये चार ज्यूल साठतात. ते स्क्रूड्रायव्हरने नव्हे, काही किलोओहमच्या दहा वॉट रेझिस्टरने उतरवा, मग मीटरने खात्री करा. एक हात खिशात ठेवा. दोन पिनांची जुनी वायर काढून तीन पिनांची लावा आणि चॅसीला अर्थ द्या.

राहिलं घरचं व्होल्टेज. ट्रान्सफॉर्मर २२० चा आणि माझ्याकडे रात्री २४० येतात. त्यामुळे ६.३ चा हीटर पावणेसातच्या वर जातो आणि वरचे ४९५ होतात ५४०. यावर उपाय स्वस्त आहे. १८ व्होल्ट, २ अँपियरचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्या, त्याची प्रायमरी मेन्सला जोडा आणि सेकंडरी सेटच्या फेजमध्ये सिरीजला, उलट्या दिशेने. २४० चे २२२ होतात. तारा अदलाबदल झाल्या तर मात्र २५८ मिळतील. म्हणून सेट लावण्याआधी तिथे नुसता बल्ब लावून मीटर बघा.

पुढच्या आठवड्यात ८०७ चा बायस.