चोवीस विजयांवरून विजेतेपदाकडे : बोस्टनची २००७ मधील संघबांधणी

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत केवळ पैसा हाताशी आहे म्हणून संघाला हवा तो खेळाडू घेता येत नाही. संघाच्या एकूण वेतनखर्चाला ‘सॅलरी कॅप’ ही मर्यादा असते, आणि ती ओलांडलेल्या संघाला अदलाबदलीत, म्हणजे ‘ट्रेड’मध्ये, मोठा खेळाडू आणायचा झाल्यास साधारण तेवढ्याच वेतनाचे करार समोरच्या संघाच्या हवाली करावे लागतात. त्यामुळे दोन हंगामांमधील काळात संघ बदलायचा म्हणजे हातातील करारांचे मोल ओळखून ते योग्य वेळी वटवायचे, हे बोस्टन सेल्टिक्सच्या २००७ मधील व्यवहारांवरून स्पष्ट दिसते.

२००६-०७ च्या हंगामात ८२ पैकी केवळ २४ सामने जिंकलेल्या आणि एकदा सलग १८ सामने हरलेल्या या संघाची भिस्त ‘ड्राफ्ट’वर होती. ड्राफ्ट म्हणजे नवोदित खेळाडूंची क्रमवार निवड; तीत दुबळ्या संघांना आधी संधी मिळते, मात्र पहिले क्रमांक सोडतीने ठरतात. त्या वर्षी ग्रेग ओडन आणि केव्हिन ड्युरांट यांच्यावर सर्वांचा डोळा होता. सोडतीत बोस्टनच्या वाट्याला पाचवा क्रमांक आला आणि दोघेही हातचे गेले.

संघबांधणीची सूत्रे सांभाळणारे डॅनी एंज यांनी मग त्या पाचव्या क्रमांकालाच चलन बनवले. ड्राफ्टच्या रात्री तेथे निवडलेला जेफ ग्रीन आणि आणखी दोन खेळाडू सिॲटलला देऊन त्यांनी लांब पल्ल्याच्या फेकीत निष्णात असलेला रे ॲलन मिळवला. एंज यांना हवा असलेला मिनेसोटाचा केव्हिन गार्नेट आधी बोस्टनला येण्यास नाखूश होता, आणि पुढच्या वर्षी करारातून बाहेर पडण्याची मुभा असल्याने त्याच्या संमतीशिवाय सौदा जोखमीचा ठरला असता. ॲलन आल्यावर तो राजी झाला.

३१ जुलैला पाच खेळाडू आणि ड्राफ्टमधील पहिल्या फेरीचे दोन हक्क यांच्या बदल्यात गार्नेट बोस्टनला आला. त्या पाचांत बावीस वर्षांचा, भरात येऊ लागलेला अल जेफरसन होता, तसाच पाठीच्या दुखापतीमुळे आदल्या हंगामात अवघे दोन सामने खेळलेला थिओ रॅटलिफही होता. रॅटलिफचा खेळ मिनेसोटाला नकोच होता. त्याचा एक कोटी डॉलरहून मोठा करार वर्षभरात संपणार असल्याने वेतनाचा मेळही बसत होता आणि पुढे खर्चाची जागाही मोकळी होणार होती.

यानंतर जेम्स पोझी आणि एडी हाउस यांच्यासारखे ‘फ्री एजंट’, म्हणजे करारमुक्त खेळाडू, तुलनेने लहान करारांवर घेऊन राखीव फळी भरण्यात आली, तर पॉल पिअर्स, राजॉन राँडो आणि केंड्रिक पर्किन्स यांना मात्र हात लावण्यात आला नाही. पुढच्या हंगामात ६६ सामने जिंकून बोस्टनने अंतिम फेरीत लॉस एंजेलिस लेकर्सला ४-२ असे हरवले.

या यशाची किंमत वयाच्या रूपाने मोजावी लागणार होती, कारण गार्नेट, ॲलन आणि पिअर्स हे तिन्ही प्रमुख खेळाडू तिशीच्या उंबरठ्यावर किंवा तिच्या पुढे होते. विजेतेपद पुन्हा मिळाले नाही, तेव्हा २०१३ मध्ये एंज यांनी गार्नेट आणि पिअर्स यांनाही ब्रुकलिनला देऊन ड्राफ्टचे हक्क घेतले. त्या हक्कांच्या बळावर मिळालेले जेलन ब्राउन आणि जेसन टेटम हेच २०२४ च्या विजेत्या संघाचा कणा ठरले.