हमीपत्र आणि नोंदवही

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण रोग्याच्या कृतघ्नपणाला उद्देशून रूढ झाली; परंतु आजच्या बाजारात ती विक्रेत्यालाच अधिक शोभते. मोटारीचे पैसे भरेपर्यंत गिऱ्हाईक राजा असतो. गाडी दारात आली की तोच याचक होतो.

भिलाईत 1959 साली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या नाना भागांतून आलेल्या माणसांची एक पोलादनगरी वसली. त्या नगरीतील एखादा गृहस्थ निवृत्तीच्या पैशातून मोटार घेतो. हार, पेढे, छायाचित्र, सारे यथासांग होते. महिनाभरात गिअर बदलताना खरखर सुरू होते. कार्यशाळेत त्याला सांगण्यात येते की, नव्या गाडीचा असा आवाज व्हायचाच. तीन खेपा होतात, खरखर कायम राहते. आणि त्या तीन खेपांचा एकही कागद त्याच्याजवळ नसतो.

असे का घडते? हमी देतो तो उत्पादक. ती पाळून दाखवायची ती विक्रेत्याच्या कार्यशाळेने. कार्यशाळा आधी दुरुस्ती करते आणि मग तिचा खर्च उत्पादकाकडे मागते. ती मागणी नामंजूर झाली तर भुर्दंड विक्रेत्यावर पडतो. त्यामुळे दोष मान्य करण्यापेक्षा तो चालकाच्या सवयीवर ढकलणे सोयीचे वाटते. शिवाय ब्रेकचे पॅड, क्लचची प्लेट यांसारखे झिजणारे भाग हमीतून बहुधा वगळलेले असतात, आणि ठरल्या वेळी सर्व्हिसिंग केले नसेल तर हमीच नाकारली जाऊ शकते.

हमीचा अर्थ किती, हेही समजून घेतले पाहिजे. हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलून देण्याचे वचन असेल, तर केवळ त्याच्या आधारे संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली एका मोटारीच्या प्रकरणात स्पष्ट केले. गोव्यातील एका ग्राहकाचे प्रकरणही बोधप्रद आहे. 2011 साली नवी म्हणून त्याच्यापुढे ठेवलेली गाडी 2009 ची निघाली. विक्रेता दोषी ठरला. पण 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला मोकळे केले, कारण विक्रेत्याच्या कृत्याची त्याला माहिती होती हे सिद्ध झाले नव्हते. तात्पर्य असे की, तक्रारीत विक्रेता व उत्पादक दोघांनाही प्रतिपक्ष करावे आणि कोणाचा दोष कोणता, हे वेगवेगळे मांडावे.

कायद्याचे दार बंद नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 2020 च्या जुलैपासून लागू आहे. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. भिलाईकराला दुर्गच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीचे वाद जिल्हा आयोग ऐकतो. शुल्क पाच लाखांपर्यंत काहीच नाही, बारा लाखांच्या गाडीला चारशे रुपये. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तत्पूर्वी 1915 या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावरही दाद मागता येते. निकाल तीन महिन्यांत, आणि तांत्रिक तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अधिक धीर धरावा लागतो.

मात्र आयोगापुढे खरखर ऐकवता येत नाही. तेथे कागद बोलतो. म्हणून प्रत्येक खेपेला जॉब कार्ड मागून घ्यावे. त्यावर तारीख, किलोमीटरचा आकडा आणि तक्रार आपल्याच शब्दांत लिहवून घ्यावी. 'सर्वसाधारण तपासणी' एवढ्या मोघम नोंदीवर सही करू नये. दोष उरला असेल तर तसे लिहूनच गाडी ताब्यात घ्यावी, आणि उत्पादकालाही लेखी कळवावे.

भिलाईच्या कामगाराला हे शिकवावे लागू नये. पाळी संपताना भट्टीची अवस्था नोंदवहीत लिहिल्यावाचून तो कारखान्याबाहेर पडत नाही. तोंडी निरोपावर भट्टी चालत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. आयुष्यभर कारखान्यासाठी पाळलेली ही शिस्त त्याने आपल्या घामाच्या पैशासाठीही पाळावी. हमीपत्र उत्पादक छापून देतो. त्याला बळ देणारी नोंदवही मात्र ग्राहकालाच ठेवावी लागते.