गोवारी स्मारकाशी नेण्याचा दिवस

पहाटे ५. डबा बांधला, हजेरीची यादी खिशात घातली. आठवीची १९ मुलं आणि मी, नागपूरचं गोवारी शहीद स्मारक. मागच्या खेपेला सगळी हकिकत गाडीतच सांगून टाकली होती. मुलं तिथं माझेच शब्द आठवत उभी राहिली, समोर कुणी पाहिलंच नाही. यंदा आधी पाहायचं, मग ऐकायचं.

६.३०. चांदूर स्टेशन. धामणगाव, पुलगाव, वर्धा मागे पडलं. मी गप्प. फार जड जातं ते.

११. बर्डी, झिरो माइलचा परिसर. पंधरा मिनिटं मुलांना मोकळं सोडलं. कुणी वहीत 'हॉर्न' लिहिलं, कुणी 'सावली नाही'. एक जण जवळ आला, "सर, इतकंच हाये का?" मी नुसता आकडा सांगितला : ११४. एका मुलीनं बोटं मोजली. "आपुन १९. म्हंजे असे सहा वर्ग." मग कुणी हसलं नाही.

११.३०. आता बोललो. मी त्या दिवशी इथं नव्हतो, हे आधी सांगितलं. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होतं. गुरं राखणारा गोवारी समाज अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला विदर्भभरातून आला होता. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली. त्या ११४ मेलेल्यांत बाया आणि लेकरं जास्त. बोलताना मुलांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवली होती. गर्दी कुठं दाबली गेली असेल ते त्यांचं त्यांनीच ताडलं. मला हिरोशिमा आठवलं. तिथं अणुबॉम्बातून वाचलेल्यांच्या आठवणी पुढं सांगायला शहरच नवी माणसं रीतसर तयार करतं. इथं दर २३ नोव्हेंबरला येणारे आप्तच ते काम करत आले. त्यांच्यानंतर कोण सांगणार, ही काळजी मला सोडत नाही.

१. महाराजबागेत डबे.

४. परतीची गाडी. "मंग त्याहिले भेटलं का?" बोटं मोजणाऱ्या मुलीनं विचारलं. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. खिडकीशी बसलेला, दिवसभर मुका असलेला पोरगा पुलगावनंतर बोलला, "सर, आमच्या गावात दिवाळीले ढाल निंगते, गायी खेळवते. ते गोवारीच नं?"

"हो."

"माहा आबा नाचते त्यात."

उद्याचा पहिला तास त्याला दिला.