सैतानाची नखं आणि हिरोशिमाची मोटार

बाटलीचं बूच आणि रस्त्यावरून धावणारी मोटार यांचा एकमेकांशी काय संबंध? काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल. पण दोस्तांनो, जपानमधल्या हिरोशिमा शहरात एक मोटार कंपनी आहे, तिचा जन्म मुळी बुचाच्या कारखान्यातून झाला. तिचं नाव माझदा.

नाव ओळखीचं वाटतंय का? घरात विचारून बघा. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून आपल्याकडे ‘स्वराज माझदा’च्या छोट्या बस आणि ट्रक धावू लागले. ते पंजाबात बनत. तुमच्या आईबाबांपैकी कुणीतरी शाळेच्या सहलीला त्या बसमधून नक्की गेलं असेल! २०११मध्ये त्या कंपनीचं नाव बदललं आणि ‘माझदा’ ही अक्षरं हळूहळू आपल्या रस्त्यांवरून दिसेनाशी झाली. जपानमध्ये मात्र त्या अक्षरांमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मोठा वाकडातिकडा आहे.

पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारं बूच जपानला मिळेना. तेव्हा तिथल्या एका जातीच्या ओक झाडाच्या सालीपासून बूच बनवायचा धंदा सुरू झाला. १९२०मध्ये ‘तोयो कॉर्क कोग्यो’ ही कंपनी निघाली आणि पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा तिचे प्रमुख झाले. हे गृहस्थ कोळ्याच्या घरात जन्मले. वडील लहानपणीच गेले, म्हणून शाळेच्या वयात ते ओसाकाला लोहारकाम शिकायला गेले. लोखंडाशी झालेली ती मैत्री कायम राहिली. इकडे युद्ध संपलं होतं, युरोपातलं चांगलं बूच पुन्हा बाजारात आलं आणि १९२५मध्ये कारखान्याला आगही लागली. मात्सुदांनी विचार केला, बूच पुरे झालं, आता यंत्रं! १९३१मध्ये कारखान्यातून बाहेर पडला तो तीनचाकी टेम्पो. पुढे एक चाक, हँडल मोटारसायकलचं, मागे माल ठेवायचा हौदा. त्याचं नाव ‘माझदा-गो’.

हे ‘माझदा’ कुठून आलं? मुंबईत तुमचे कुणी पारशी शेजारी असतील तर ते चटकन सांगतील. पारशी लोक ज्या परमेश्वराची प्रार्थना करतात, त्याचं नाव अहुर माझदा, म्हणजे शहाणपणाचा आणि प्रकाशाचा देव. शिवाय ‘मात्सुदा’ या आडनावाशीही ते जुळतं. एका दगडात दोन पक्षी! जपानी माणसं आजही कंपनीच्या नावाचा उच्चार ‘मात्सुदा’ असाच करतात.

६ ऑगस्ट १९४५. हा जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबाँब पडला आणि शहर होतं की नव्हतं झालं. कारखाना तिथून सुमारे पाच किलोमीटरवर, आणि मधे हिजियामा नावाची टेकडी. त्या टेकडीच्या आडोशामुळे इमारती वाचल्या. कामगारांमध्ये मात्र कितीतरी जण त्या वेळी शहरात होते, ते परतलेच नाहीत. सरकारी कचेऱ्या राख झाल्या होत्या, म्हणून जिल्ह्याचा कारभार जवळजवळ वर्षभर मोटार कारखान्याच्या इमारतीतून चालला. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, म्हणजे अवघ्या चार महिन्यांनी, तिथून पुन्हा तीनचाकी टेम्पो बाहेर पडू लागले. ढिगारे उपसायला, लाकूड-सामान वाहून न्यायला त्यांची केवढी गरज होती, विचार करा.

याच सुमारास एक तरुण हिरोशिमाला घरी परतला. केनिची यामामोतो त्याचं नाव. टोकियोच्या नामवंत विद्यापीठातून इंजिनियर झालेला, युद्धात नौदलाची विमानं बनवलेला. घर उद्ध्वस्त, धाकटी बहीण बाँबमध्ये गेलेली. पोटासाठी तो या कारखान्यात साधा कामगार म्हणून लागला आणि टेम्पोचे गिअर जोडू लागला. याला लक्षात ठेवा.

१९६०मध्ये कंपनीने पहिली छोटी मोटार काढली. पण आता वेगळंच संकट आलं. जपान सरकारला वाटत होतं, देशात मोटार कंपन्या फार झाल्यात, लहानांना मोठ्यांत मिसळून टाकावं. हिरोशिमाची ही कंपनी तर लहानच. वाचायचं तर दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे हवं! जुजिरोंचे चिरंजीव त्सुनेजी मात्सुदा पश्चिम जर्मनीला गेले आणि एन.एस.यू. कंपनीकडून एका नवलाईच्या इंजिनाचे हक्क घेऊन आले. ते रोटरी इंजिन, जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या डोक्यातून निघालेलं.

आता जरा इंजिनाच्या पोटात डोकावू या. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, पिचकारीसारखा वर-खाली होतो. दर वेळी थांबायचं, उलटं फिरायचं, पुन्हा थांबायचं. त्या धक्क्यांनी इंजिन थरथरतं. वांकेल यांनी दट्ट्याच काढून टाकला. शेंगदाण्याचं टरफल मधे थोडं दबलेलं असतं ना, तशा आकाराची पोकळी घ्या. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरत राहतो. त्रिकोण आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. फिरता फिरता एकात पेट्रोल आणि हवा येते, दुसऱ्यात ती दाबली जाऊन पेटते, तिसऱ्यातून धूर बाहेर जातो. थांबणं नाही, उलटं वळणं नाही. लहानसं, हलकं आणि लोण्यासारखं मऊ चालणारं इंजिन! कागदावर तरी असंच.

प्रत्यक्षात काय झालं? त्रिकोणाची तिन्ही टोकं भिंतीला सतत चिकटून राहायला हवीत, नाहीतर एका कप्प्यातला वायू दुसऱ्यात निसटणार. म्हणून प्रत्येक टोकाला एक बारीक पट्टी बसवतात. कुकरच्या झाकणाला रबरी रिंग असते ना, तेच काम. ही पट्टी भिंतीवरून घासत जाताना थरथरायची आणि भिंतीवर ओळीने ओरखडे उमटायचे. खडू फळ्यावर वाकडा धरून ओढला तर किर्र आवाज होतो आणि सलग रेघेऐवजी तुटक ठिपके येतात. अगदी तसंच, पण धातूच्या अंगावर! इंजिन निकामी. या ओरखड्यांना हिरोशिमाच्या इंजिनियरांनी नाव दिलं, ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’.

शिवाय तेल जळून पांढऱ्या धुराचे लोट निघायचे. त्याला ते म्हणत ‘काचिकाची यामा’. ही जपानी मुलांची लोककथा, तिच्यात ससा एका लबाड प्राण्याच्या पाठीवरच्या मोळीला आग लावून देतो. एवढ्या कटकटीतही माणसं थट्टा करत होती, हे मला फार आवडतं.

१९६३मध्ये या इंजिनासाठी वेगळा संशोधन विभाग निघाला. प्रमुख कोण? गिअर जोडणारे ते यामामोतो! हाताखालच्या इंजिनियरांसह ही माणसं होती सत्तेचाळीस. जपानमध्ये ‘सत्तेचाळीस रोनिन’ची गोष्ट घरोघरी ठाऊक असते. धन्याच्या मृत्यूचा सूड घ्यायची शपथ घेतलेले, स्वतःच्या जिवाची पर्वा न करणारे ते सामुराई. या इंजिनियरांनाही लोक तेच नाव देऊ लागले.

पट्टीसाठी त्यांनी काय काय वापरून पाहिलं म्हणता! नाना धातू, अगदी जनावरांच्या हाडांपर्यंत मजल गेली. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की प्रश्न पट्टीच्या थरथरण्याचा आहे. जलतरंगाच्या भांड्यात पाणी कमी-जास्त केलं की त्याचा सूर बदलतो. तसं पट्टीला आतून आडवी-उभी भोकं पाडली, तिचा ‘सूर’ बदलला आणि ओरखडे नाहीसे झाले. पुढे कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुरवलेली पट्टी आली, तिला घडवणं सोपं आणि ती टिकाऊही. मे १९६७मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही दोन रोटरांची मोटार विक्रीला आली. जगाचा विश्वास बसावा म्हणून पुढच्या वर्षी दोन गाड्या जर्मनीत ८४ तासांच्या शर्यतीत उतरवल्या. साडेतीन दिवस सलग! एक गाडी ८२ तासांनी बंद पडली, दुसरी चौथी आली.

आणि ज्यांनी हे इंजिन दिलं, त्या एन.एस.यू.चं काय? त्यांनीही १९६७मध्येच रोटरीची एक देखणी मोटार आणली. टोकांच्या पट्ट्या लवकर झिजू लागल्या, हमीपोटी इंजिनंच्या इंजिनं बदलून द्यावी लागली. १९६९मध्ये ती कंपनी फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली.

माझदाने मग छोट्यामोठ्या अनेक गाड्यांत रोटरी बसवलं. अमेरिकेत खप भराभर वाढला. पण या इंजिनाला एक खोड होती, ते पेट्रोल फार पीत असे. ऑक्टोबर १९७३मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटलं आणि तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. ज्या गाडीचं कौतुक होत होतं, तिलाच लोक ‘पेट्रोलपिती’ म्हणू लागले. इथे कंपनीचं चुकलंच, असं माझं मत आहे. खप घटतोय हे दिसत असूनही कारखाना गाड्या काढतच राहिला आणि न विकलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या. कंपनी बुडायच्या बेतात आली. सुमितोमो बँकेने हात दिला म्हणून वाचली.

त्या दिवसांतली एक गोष्ट पालकांनीही वाचावी अशी. कामगारांना सरसकट काढून टाकण्याऐवजी कंपनीने हजारोंना गाड्या विकायला गावोगाव पाठवलं. आयुष्यभर पाना-पकड धरलेली माणसं, दारोदार जाऊन ‘आमची गाडी घ्या’ म्हणायला लागली! हिरोशिमाकरही मदतीला धावले, गाडी घ्यायची तर आपल्या गावचीच, अशी मोहीम तिथे चालली. यामामोतो आणि मंडळींनी इंजिनाची तहान पुष्कळ कमी केली आणि १९७८मध्ये ‘आर.एक्स.-७’ आली. तिने घालवलेलं नाव परत मिळवलं. १९७९मध्ये अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने माझदाचा एक चतुर्थांश हिस्सा घेतला, आणि १९८४मध्ये यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले.

आता १९९१चा जून महिना. फ्रान्समधल्या ल मां गावची २४ तासांची शर्यत. ल मांला रोटरीची गाडी घेऊन माझदा कित्येक वर्षं येत होती आणि हात हलवत परत जात होती. पुढच्या वर्षी नियम बदलणार होते, म्हणजे रोटरीला ही शेवटचीच संधी. ५५ क्रमांकाची, नारिंगी-हिरव्या रंगाची गाडी सुरुवातीला एकोणिसाव्या जागी उभी होती. जर्मन मर्सिडीज पुढे, ब्रिटिश जग्वार पुढे. रात्र गेली, सकाळ झाली. शेवटचे काही तास उरले असताना आघाडीची मर्सिडीज बंद पडली आणि नारिंगी-हिरवी गाडी पहिली! ३६२ फेऱ्या, ४९०० किलोमीटरहून जास्त अंतर. शेवटच्या टप्प्यात गाडी चालवणारा जॉनी हर्बर्ट अंगातलं पाणी कमी होऊन इतका गळून गेला होता, की त्याला बक्षीस घ्यायलाही जाता आलं नाही. ल मां जिंकणारी ही पहिली जपानी कंपनी. पुढच्या जपानी विजयासाठी २०१८ साल उजाडावं लागलं, तो मान टोयोटाचा. ती ५५ क्रमांकाची गाडी माझदाने जपून ठेवली आहे.

यावरून ‘माझदा म्हणजे रोटरी’ असं समजू नका हं. १९८९मध्ये आलेली त्यांची उघड्या टपाची ‘एम.एक्स.-५’ साध्या पिस्टनवर चालते. दहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या तिच्या, आणि दोन आसनी स्पोर्ट्स गाड्यांत सर्वाधिक खपाचा जागतिक विक्रम तिच्या नावावर आहे. उलट शेवटची रोटरी गाडी, ‘आर.एक्स.-८’, तिच्याबद्दल पेट्रोलच्या आणि तेलाच्या तक्रारी पुन्हा आल्याच. प्रदूषणाचे नियमही कडक झाले. २०१२मध्ये ती बंद झाली. यामामोतो २०१७मध्ये वारले, पंचाण्णव वर्षांचे होऊन.

तरी हिरोशिमाच्या लोकांनी त्रिकोण सोडला नाही! माझदा आजही लहानच. टोयोटा वर्षाला सुमारे एक कोटी गाड्या विकते, माझदा बारा-तेरा लाख. तरीही २०२३मध्ये तिने एका विजेवरच्या गाडीत रोटरी इंजिन परत आणलं. या वेळी चाकं फिरवायला नाही, तर बॅटरी उतरली की वीज तयार करायला. एकच रोटर, ८३० सी.सी.चा. आणि टोकावरची ती पट्टी? ती आहेच. फक्त तिची जाडी २ मिलिमीटरवरून २.५ मिलिमीटर केली आहे.